रंगलेली वस्ती आणि तिथे राहणारी माणसे : येरवड्याच्या निमित्ताने



शहराचा एखादा जुना, दुर्लक्षित भाग असतो. तिथे भाडे कमी म्हणून कलावंत येतात. भिंतींवर चित्रे उमटतात, बंद पडलेल्या गोदामात नाटकाच्या तालमी सुरू होतात, वर्तमानपत्रांत त्या भागाची छायाचित्रे येतात आणि पाच-दहा वर्षांत तिथला जागेचा भाव दुप्पट-तिप्पट होतो. जगातल्या अनेक शहरांत हे घडले आहे. इतक्या वेळा घडले आहे की नगरपालिका आणि बांधकाम व्यावसायिक आता ते मुद्दाम घडवू पाहतात. कलेमुळे वस्ती सुधारते, असे म्हटले जाते. ते खरेही आहे. पण सुधारलेल्या वस्तीत राहते कोण? आधीपासून राहणारी माणसे की नंतर आलेली? या व्याख्यानाचा विषय हा एकच प्रश्न आहे, आणि त्याची तपासणी करण्यासाठी घेतलेले ठिकाण आहे येरवडा.

येरवडा हे मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरचे गाव. १८६७ मध्ये बंडगार्डनजवळ फिट्झजेराल्ड पूल झाला आणि हे गाव पुण्याच्या लष्करी छावणीशी पक्के जोडले गेले. त्या सुमारास नदीपलीकडे काय काय बांधले गेले, ते पाहावे. डेक्कन कॉलेजच्या दगडी इमारतीचे काम १८६४ मध्ये सुरू झाले आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे गेले. १८७१ मध्ये मध्यवर्ती कारागृह उभे राहिले. १८९२ मध्ये सुलतान महंमद शहा आगाखान यांनी आपला राजवाडा बांधला. दुष्काळात होरपळलेल्या लोकांना काम मिळावे, हाही त्यामागे हेतू होता. पुढे मनोरुग्णालय आले. ज्या संस्थांना विस्तीर्ण मोकळी जागा हवी होती आणि ज्या गावाच्या पेठांपासून लांबच बऱ्या असे शहराला वाटत होते, त्या एकामागून एक पुलापलीकडे गेल्या. या संस्थांच्या आसपास, दगडाच्या कामावर, बांधकामावर आणि पुढे कारखान्यांत राबणाऱ्या माणसांच्या वस्त्या वाढत गेल्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापूर-नगरच्या बाजूने पुण्याला आलेल्या कुटुंबांनी शहरातल्या वस्त्यांत भर घातली. वडारवस्ती, भाटनगर, यशवंतनगर, नेताजीनगर, शीला साळवे नगर, मदर तेरेसा नगर, नागपूर चाळ ही नावे पुणेकरांच्या कानावरची आहेत. पण या गल्ल्यांत पाऊल टाकलेले पुणेकर मात्र फार थोडे.

या भागाला कला बाहेरून आणून द्यावी लागेल, असा एक समज असतो. तो आधी बाजूला ठेवायला हवा. ब्रिटिश काळात येरवडा कारागृहात विणलेले गालिचे नावाजलेले होते. गांधीजी या तुरुंगात असताना त्यांनी जो पेटीत मावणारा, प्रवासात नेता येणारा चरखा सिद्ध केला, तो ‘येरवडा चक्र’ याच नावाने देशभर गेला. म्हणजे कारागिरीच्या इतिहासात येरवड्याचे नाव आहे, आणि ते बंदिवानांच्या हातांनी मिळवलेले आहे. वडार समाजाचे दगडावरचे काम पिढ्यान्‌पिढ्यांचे. पाटा-वरवंटा, जाते, उखळ घडवणारे आणि इमारतींचे दगड तासणारे हेच हात. १४ एप्रिलला वस्त्यांमधून निघणाऱ्या मिरवणुका, भीमगीतांचे रात्रभर चालणारे कार्यक्रम, १ ऑगस्टची अण्णाभाऊ साठे जयंती, गणेश मंडळांचे देखावे, बँडपथके, ढोल-ताशा, भजनी मंडळे हे सगळे कोणत्याही अनुदानाविना चालते. ज्या कारागृहात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या, त्याच्याजवळच्या वस्त्यांत आंबेडकरी गाणे आज जिवंत आहे, याचे महत्त्व सांस्कृतिक इतिहास लिहिणाऱ्यांनी अजून पुरेसे ओळखलेले नाही. येरवड्यात कला भरपूर आहे. कमी आहे ती जागा आणि त्या जागेवरचा हक्क.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. कलेमुळे वस्ती बदलते म्हणजे नेमके काय होते?

सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण न्यूयॉर्कमधल्या सोहोचे आहे. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात ओतीव लोखंडाच्या दर्शनी बांधणीच्या जुन्या कारखाना-इमारती होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथला लहान उद्योग उठत गेला. उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे ते रिकामे मजले चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी स्वस्तात भाड्याने घेतले. तिथे राहणे बेकायदा होते, तरी ते राहिले. १९७१ मध्ये शहराने कलावंतांना तिथे राहण्याची परवानगी दिली, १९७३ मध्ये तो भाग वारसा परिसर जाहीर झाला, १९८२ मध्ये अशा मजल्यांवरच्या भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा आला. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा सारा प्रवास मांडला. पुढे काय झाले? भाडी चढली. १९९० च्या दशकात कलादालनांनीच सोहो सोडून चेल्सीची वाट धरली आणि त्या जागी उंची कपड्यांची दुकाने आली. ज्यांनी भागाला नाव मिळवून दिले, त्यांनाच तिथे राहणे परवडेना.

यामागचे आर्थिक कारण अवघड नाही. भूगोलाचे अभ्यासक नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये ते स्पष्ट मांडले. एखाद्या जमिनीतून आज मिळणारे भाडे आणि तीच जमीन वेगळ्या प्रकारे वापरली तर मिळू शकणारे भाडे, या दोहोंतले अंतर जितके वाढते, तितका तिथल्या माणसांना उठवण्याचा मोह वाढतो. कला हे अंतर निर्माण करत नाही. ते अंतर आहे, हे ती सर्वांना दाखवून देते. जिथे जाण्याची लोकांना भीती वाटे, तिथे ते फोटो काढायला जाऊ लागतात. भीती गेली की गुंतवणूक येते. यात चित्रकाराचा काही दोष नाही. तोही बहुधा भाडेकरूच असतो.

येरवड्यात हे अंतर आज किती आहे? नदीच्या एका तीरावर कोरेगाव पार्क. वस्त्यांच्या शेजारी कल्याणीनगर. पाठीमागे विमानतळाचा रस्ता. गेल्या दोन दशकांत उभी राहिलेली माहिती-तंत्रज्ञानाची संकुले चालत जाण्याच्या अंतरावर. मेट्रोचे येरवडा स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले. नदीकाठ सुधारणेचे काम बंडगार्डनच्या पट्ट्यातूनच पुढे सरकते आहे, आणि पुराच्या पाण्याचे व झाडांचे काय होणार, यावर शहरात वाद चालू आहे. या सर्वांच्या मधोमध अरुंद बोळांच्या वस्त्या आहेत. पुण्यात असे अंतर याहून मोठे असलेली ठिकाणे फारशी नसतील. म्हणून येरवडा रंगवण्याआधी विचार करायला हवा.

महाराष्ट्राने या बाबतीत दोन धडे मुंबईत पाहिले आहेत.

पहिला काळा घोडा. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन झाले. संग्रहालय, ग्रंथालय, विद्यापीठ जवळच. ज्या अश्वारूढ पुतळ्यामुळे चौकाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. नाव मात्र राहिले. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, १९९९ पासून कला महोत्सव सुरू झाला आणि २०१७ मध्ये चौकात स्वार नसलेला नवा घोडा बसला. जुन्या इमारतींची डागडुजी झाली, पदपथ सुधारले. हा प्रयोग यशस्वी आहे. पण त्याच्या यशाचे एक कारण सहसा सांगितले जात नाही. हा भाग मुख्यतः संस्था, कार्यालये आणि न्यायालयांचा आहे. तिथे दाटीने राहणारी गरीब लोकवस्ती नव्हती, त्यामुळे विस्थापनाचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभाच राहिला नाही. काळा घोड्याचे अनुकरण येरवड्यात करायचे म्हटले, तर हा फरक विसरता येणार नाही.

दुसरा धडा गिरणगावाचा, आणि तो कटू आहे. लालबाग-परळच्या चाळींत जी संस्कृती वाढली, तिच्याएवढी सकस नागर लोकसंस्कृती या राज्यात क्वचितच झाली असेल. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, कवी नारायण सुर्वे, कामगार रंगभूमी, दशावतार, नमन, भजनांची डबलबारी, परळच्या दामोदर नाट्यगृहात रंगणारे प्रयोग. हे सारे गिरणीच्या भोंग्याला बांधलेल्या माणसांनी फावल्या वेळात उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा कामावर गेलेच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि एक भाग मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरण्यांच्या आवारात मॉल, कार्यालये, उपाहारगृहे आली. काही ठिकाणी गिरणीची चिमणी शोभेसाठी राखली गेली. शाहिराचा फड कुठे गेला? भजनी मंडळातली मुले कुठे गेली? विरार, कल्याण, पनवेलच्या पलीकडे, किंवा कोकणातल्या गावी. गिरणगावात कलेला काहीही उणे नव्हते. तिला सांभाळणाऱ्या माणसांना तिथे राहण्याचा आधार उरला नाही, म्हणून ती गेली. रंगलेल्या वस्तीविषयी बोलताना महाराष्ट्राने हे उदाहरण कायम डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

गेल्या दशकात भारतात आणखी एक प्रकार रुजला आहे, भित्तिचित्रांचा. दिल्लीत २०१५-१६ पासून लोधी कॉलनीच्या भिंती देशी-परदेशी चित्रकारांनी रंगवल्या आणि तिला कला परिसर असे नाव मिळाले. चेन्नईतील कण्णगी नगर या पुनर्वसन वसाहतीच्या इमारतींवर २०२० मध्ये मोठी चित्रे आली. मुंबईत घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरील घरे स्वयंसेवकांनी रंगवली. मेट्रोतून जाणारे प्रवासी ती कौतुकाने पाहू लागले. या तिन्ही ठिकाणी रंग सारखेच, पण खालची जमीन वेगवेगळी आहे. लोधी कॉलनीत सरकारी कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आहेत. चित्रांमुळे तिथल्या रहिवाशाचे भाडे वाढत नाही, कारण ते बाजारात ठरत नाही. कण्णगी नगरचे रहिवासी तर शहराच्या आतल्या भागातून आधीच उठवून तिथे नेलेले. आणि असल्फाच्या टेकडीवरच्या माणसाचा प्रश्न पाणी, मलवाहिनी आणि पावसाळ्यात खचणारा उतार हा आहे. घाटकोपरने जुलै २००० मध्ये दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेलेली पाहिली आहेत. रंगाने घराची दर्शनी भिंत बदलते. त्याने रहिवाशाला बरे वाटते, हेही खोटे नाही. आपली वस्ती लोक बघायला येतात, याचा अभिमान क्षुल्लक मानू नये. पण संरक्षक भिंतीचे काम रंग करू शकत नाही. याच घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत अण्णाभाऊ साठे वर्षानुवर्षे राहिले आणि लिहीत राहिले. त्यांच्या भिंतीला कोणी रंग दिलेला नव्हता.

रंग आणि हक्क एकत्र आल्याचे एक सुंदर उदाहरण इंडोनेशियात आहे. योग्यकर्ता शहरात चोडे नदीच्या काठी, पुलाच्या आडोशाला, सर्वांत गरीब माणसांची वस्ती होती. ती पाडण्याचे घाटत होते. वाय. बी. मांगुनविजय हे धर्मगुरू, वास्तुरचनाकार आणि कादंबरीकार. ते तिथे राहायला गेले. १९८३ ते १९८५ या काळात रहिवाशांसह त्यांनी बांबूची, उतरत्या छपरांची घरे उभारली, आणि चित्रकारांच्या मदतीने ती रंगवली. वस्ती पाडू नये म्हणून त्यांनी उपोषणाची तयारी दाखवली. वस्ती वाचली. १९९२ मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार सुरू करणारे आगाखान म्हणजेच १९६९ मध्ये येरवड्याचा राजवाडा भारताला अर्पण करणारे आगाखान. चोडेच्या काठी चित्रे वस्ती विकण्यासाठी काढली गेली नव्हती. ती वाचवण्यासाठी काढली होती. रंग तोच, हेतू वेगळा, म्हणून परिणामही वेगळा.

येरवड्यात काय घडले, ते आता तपशिलात पाहायला हवे. कारण येरवड्याने स्वतःचे एक उत्तर दिलेले आहे, आणि पुण्याला त्याची पुरेशी जाणीव नाही.

डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले. त्यात शहरी गरिबांना मूलभूत सेवा देण्याची एक योजना होती. त्याच वर्षी पुण्यात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणही आले. त्याची रीत ठाऊक आहे : वस्ती सपाट करायची, जमिनीच्या एका भागावर उंच इमारतीत रहिवाशांना मोफत सदनिका द्यायची आणि उरलेल्या जमिनीवर विकासकाने विक्रीची घरे बांधायची. येरवड्याच्या सात वस्त्यांत मात्र वेगळा मार्ग निवडला गेला. जिथे घर, तिथेच घर. वस्ती पाडायची नाही. गल्ल्यांची आखणी बदलायची नाही. पक्की घरे तशीच राहू द्यायची आणि कच्ची, पत्र्याची घरे तेवढी काढून त्याच जागी नवी बांधायची. सुमारे चार हजार घरांचे उद्दिष्ट ठरले. घर २७० चौरस फुटांचे. खर्चाचा मोठा भाग केंद्र, राज्य आणि महापालिका यांचा. कुटुंबाचा वाटा दहा टक्के.

यात पुढाकार कोणाचा? ‘महिला मिलन’ या वस्तीतल्या बायकांच्या बचत गटांचा, आणि त्यांच्यासोबत ‘स्पार्क’ ही स्वयंसेवी संस्था व राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ यांचा. या बायकांना महापालिकेशी व्यवहार नवा नव्हता. १९९९ ते २००१ या काळात पुण्याच्या वस्त्यांत चारशेहून अधिक सार्वजनिक शौचालये स्वयंसेवी संस्थांमार्फत बांधली गेली, तेव्हापासून त्यांना मोजमाप, निविदा आणि ठेकेदार यांची ओळख होती. घरोघर जाऊन मोजणी करणे, कोणाचे घर किती बाय किती, कोण एकटे, कोणाकडे म्हातारी माणसे, हे त्यांनी लिहून काढले. फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरान्सन या तरुण वास्तुरचनाकारांनी त्यांच्याबरोबर घरांचे नमुने तयार केले. पुण्यातले वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनीही या कामात महत्त्वाचा वाटा उचलला. कागदावरचा नकाशा सर्वांना वाचता येतो असे नाही. म्हणून घराचा पूर्ण मापाचा नमुना कापडात उभा केला गेला. त्यात माणसे शिरली, हात पसरून पाहिले, चूल कुठे आणि मोरी कुठे यावर वाद घातला आणि सूचना केल्या. कलेचा वस्तीशी संबंध यावा तर असा यावा. रचनाकाराचे कौशल्य रहिवाशाच्या प्रश्नापुढे ठेवले जाते आणि रहिवासी ते बदलून मागतो.

नमुन्यांत तीन प्रकार होते. एकात दोन मजले आणि पुढे तिसरा चढवता येईल असा सांगाडा. दुसऱ्यात तळमजला खांबांवर मोकळा, म्हणजे खाली दुकान, शिलाई यंत्र किंवा रिक्षा ठेवायला जागा. तिसऱ्यात मधला मजला रिकामा. पैसे जमतील तेव्हा तो भरून घ्यायचा. घर एकदाच पूर्ण होत नाही, ते कुटुंबाबरोबर वाढते, हे वस्तीतले जुने शहाणपण या आराखड्यांत शिरले. उंच इमारतीतली सदनिका अशी वाढत नाही. तिथे कुंभाराला चाक मांडता येत नाही, वडाराला दगड आणता येत नाही, बँडवाल्याला ढोल ठेवता येत नाही. सातव्या मजल्यावरून म्हातारी माणसे खाली उतरत नाहीत. गल्ली राहिली, तर अंगण राहते. अंगण राहिले, तर भजन, हळदी-कुंकू, मंडपाचे काम आणि मुलांचा नाच राहतो. वस्तीतली कला बहुतांशी घराबाहेर, उंबऱ्याशी आणि बोळात घडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या योजनेचे सांस्कृतिक मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

योजनेत उणिवा होत्या, त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही. दहा टक्के रक्कमही अनेकांना जड गेली. बांधकाम चालू असताना कुटुंबाने राहायचे कुठे, हा प्रश्न बहुतेकांना स्वतःच सोडवावा लागला. शेजारी, नातेवाईक किंवा भाड्याची खोली. बोळ अरुंद असल्याने साहित्य डोक्यावरून वाहावे लागले. घरे सुटी सुटी बांधल्याने मलवाहिनी आणि पाण्याचे काम सर्वत्र एकसारखे झाले नाही. आणि सर्वांत मोठी उणीव भाडेकरूची. जो वस्तीतच दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहतो, त्याच्याकडे फोटोपास नाही, पुरावा नाही, म्हणून तो यादीत नाही. पुनर्वसनाच्या राज्य नियमांतही १ जानेवारी २००० पूर्वीच्यांना मोफत, २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून, आणि नंतर आलेल्यांना काहीच नाही, अशी विभागणी आहे. वस्ती सुधारली की पहिली भाडेवाढ याच माणसावर येते. तरुण गायक, वादक, नुकताच गावाहून आलेला कारागीर बहुधा याच गटात मोडतो. म्हणजे वस्तीतल्या कलेचा उद्याचा वारसच सर्वांत असुरक्षित आहे.

तरीही निष्कर्ष येरवड्याच्या बाजूने निघतो. सोहोत कला आधी आली आणि संरक्षण फार उशिरा, म्हणून ते अपुरे पडले. गिरणगावात कला होती, संरक्षण काढून घेतले गेले. येरवड्यात घर आधी पक्के झाले. ज्याचे घर त्याच जागी पक्के झाले आहे, तो उद्या गल्लीत चित्रे काढू देईल किंवा देणार नाही, पण तो निर्णय त्याचा असेल. चित्रकाराला दारावरची भिंत देताना त्याला आपण उठवले जाऊ, ही धास्ती असणार नाही. कला परिसर करायचाच असेल, तर त्याची पहिली अट ही आहे.

दुसरी अट जागेची. फिट्झजेराल्ड पूल वाहनांसाठी बंद झाल्यावर महापालिकेने तो आर्ट प्लाझा म्हणून सजवला. नदीवर चालत जाऊन चित्रे पाहावीत, संध्याकाळी गाणे ऐकावे, ही कल्पना चांगली आहे. पण पूल ही पाहुण्यांची जागा आहे. वस्तीतल्या मुलांना हवी आहे ती तालमीची खोली. रात्री नऊपर्यंत ढोल वाजवता येईल, हार्मोनियम कुलपात ठेवता येईल, पावसाळ्यात मूर्तीकाम करता येईल अशी. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये झाले आणि त्यानंतर महापालिकेने इतर भागांतही नाट्यगृहे बांधली. प्रयोगासाठी ती हवीतच. पण कला प्रयोगाच्या आधी सरावात घडते, आणि सरावासाठी वस्त्यांत आज समाजमंदिराचा एखादा कोपरा किंवा मंडळाचे कार्यालय, एवढेच आहे. ते मिळाले तरी शेजाऱ्याच्या झोपेशी भांडण ठरलेले. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्यालाही शांततेचा हक्क आहे. सकाळी सहाला कामावर निघणाऱ्या बाईने रात्री अकराचा ढोल का सोसावा? खोली असेल, तर हा वादही मिटतो.

तिसरी अट मोबदल्याची. भित्तिचित्रांच्या उपक्रमांत बाहेरचे चित्रकार मानधन घेतात आणि वस्तीतली मुले ‘स्वयंसेवक’ म्हणून राबतात, हे पुष्कळदा दिसते. फलक रंगवणारा पेंटर वस्तीतच असतो. छापील फ्लेक्स आल्यापासून त्याचे काम गेले आहे. भिंत रंगवायची, तर पहिले काम त्याला, आणि मजुरीचे दर ठरवून. काही पावसाळ्यांनंतर रंग उडतो. तो पुन्हा देण्याची तरतूद पहिल्याच निविदेत असावी आणि तेही काम वस्तीकडेच असावे. उद्घाटनाला पुढारी येतात, तिसऱ्या वर्षी भिंतीला पोपडे धरतात आणि कोणी फिरकत नाही, असे किती ठिकाणी झाले आहे, हे सभागृहातल्या प्रत्येकाने आपल्या प्रभागात पाहिलेले असेल.

पाहुण्यांविषयीही बोलायला हवे. रंगलेली वस्ती पाहायला माणसे येतात, आणि वस्तीत खासगी असे फार थोडे असते. अंघोळ, स्वयंपाक, आजारपण, सगळे बोळापासून दोन हातांवर. तिथे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याने परवानगी विचारली पाहिजे, आणि परवानगी देणारी वस्तीचीच समिती असली पाहिजे. येरवडा कारागृहात २६ जानेवारी २०२१ पासून कारागृह पर्यटन सुरू झाले, तेव्हा कोणी, कधी, किती जणांनी यावे, याचे नियम ठरवले गेले. बंदिशाळेला जे लागू केले जाते, ते राहत्या घरांना का लागू करू नये?

शेवटी एक करण्याजोगे काम. पुणे महापालिका २००६-०७ पासून दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या भागातल्या कामांच्या सूचना मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात, आणि बहुतेक सूचना पदपथ, दिवे, बाके यांच्या असतात. तालमीच्या खोलीची मागणी त्यांत शोधूनही सापडणार नाही. सभागृहातले जे श्रोते येरवडा, शास्त्रीनगर, कल्याणीनगर, विश्रांतवाडी या भागांत राहतात, त्यांनी या वर्षी येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तो अर्ज भरावा आणि त्यात वस्तीजवळ, वस्तीतल्या गटांच्या ताब्यात राहील अशी एक तालमीची खोली मागावी. कल्याणीनगरच्या रहिवाशांनीही ती मागावी, कारण वस्तीच्या मागणीवर शेजाऱ्याची सही असली, की कार्यालयात तिच्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते.